गडाचा कारभार कां बदलतो ?
(विंझरच्या आसमंतांतील संस्थांच्या स्थित्यंतरांचें विवेचन)

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेवर मार्गासनी सोडल्यावर विंझर हें गांव लागतें. भातखाचरांच्या या मुलखांत फिरतांना राजगड व तोरणा हे दोन गड आपल्या जवळ आहेत, याची जाणीव क्षणभरही सुटत नाहीं. या गडांचा इतिहास लिहितांना ते कोणीं घेतले, कोणीं गमावले, कोणत्या सालीं कोणाचें निशाण चढलें, हें सांगण्याचा प्रघात आहे. आणि तो योग्यच आहे. परंतु गड म्हणजे केवळ तट व बुरूज नव्हेत. त्यावर पहारे देणारीं माणसें होतीं, त्यांच्या नेमणुका होत्या, धान्याचीं व दारूगोळ्याचीं कोठारें होतीं, हजिऱ्या व जमाखर्च होते, दरवाजाच्या किल्ल्या कोणाच्या हातीं असाव्या याचे निर्बंध होते. सारांश, गड ही एक संस्था होती. त्याच्या पायथ्याचीं गांवें दुसऱ्या एका तितक्याच जुन्या संस्थेनें, म्हणजे वतनव्यवस्थेनें, बांधलेलीं होतीं. या दोन्ही संस्था सुमारें तीनशें वर्षांत अनेकवार बदलल्या आणि अखेर मोडल्या. त्या कां बदलल्या, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरें दिलीं जातात. कोणी म्हणतो, थोर पुरुष आला आणि त्यानें बदल केला. कोणी म्हणतो, काळ बदलला म्हणून संस्था बदलली. पहिलें उत्तर अपुरें आहे, कारण थोर पुरुषासही कांहीं गोष्टी आपल्या मनाविरुद्ध कराव्या लागतात. दुसरें उत्तर तर उत्तरच नव्हे. काळ म्हणजे काय, हें सांगितल्यावांचून कांहींच सांगितल्यासारखें होत नाहीं. संस्था सहसा आपखुषीनें बदलत नाहीं. तिच्यांत ज्यांचें पोट व मान गुंतलेला असतो, त्यांस चालत आलें तेंच बरें वाटतें. तिच्यावर बाहेरून किंवा आंतून एखादा रेटा येतो, आणि तो असह्य झाला म्हणजे ती हलते. मावळच्या इतिहासांत असे पांच रेटे स्पष्ट ओळखूं येतात: हुकमाचा, चढाओढीचा, साधनांचा, पैशाचा आणि न्यायाच्या मागणीचा. त्यांचा क्रमानें विचार करूं.

१. मूळची घडी

प्रथम मूळची घडी कशी होती हें पाहिलें पाहिजे. सह्याद्रीच्या या खोऱ्यांतून निजामशाही व आदिलशाहीचा अंमल चाले, पण बादशहा दूर अहमदनगरास किंवा विजापुरास. मुलूख डोंगराळ, वाटा अवघड, नाण्याचा सुळसुळाट थोडा. अशा ठिकाणीं पगारी नोकर नेमून वसूल गोळा करणें राज्यास परवडणारें नव्हतें. म्हणून काम व त्याचा मोबदला हीं दोन्ही एकाच घराण्यास वंशपरंपरेनें लावून दिलीं जात, हेंच वतन. परगण्यास किंवा खोऱ्यास देशमुख व देशपांडे, गांवास पाटील व कुलकर्णी, आणि त्यांच्या खालीं सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग इत्यादि बलुतेदार. गुंजण मावळाची देशमुखी शिळीमकरांकडे, कानद खोऱ्याची मरळांकडे, मुसें खोऱ्याची पासलकरांकडे, हिरडस मावळाची बांदलांकडे, तर रोहिड खोऱ्यांत जेधे व खोपडे, अशी ही वांटणी होती.

या घडीचा मोठा गुण असा कीं ती स्वतःच्या बळावर उभी राही. वर राज्य कोणाचेंही येवो, खालीं पेरणी, वसूल, पंचायत आणि जत्रा हीं चालूंच राहत. तिचा मोठा दोष याच गुणाची दुसरी बाजू होती. जें काम वंशपरंपरेनें मिळालें, त्यांतून कोणास काढतां येत नसे. वडिलांचें वतन मुलांत वांटलें जाई, भाऊबंदांचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत. देशमुखाजवळ शिबंदी असे, वाड्यास बुरूज असत, आणि बादशाही अंमल ढिला झाला कीं तोच त्या खोऱ्याचा लहानसा राजा होई. रयतेकडून तो किती घेतो व सरकारांत किती भरतो, हें विचारण्याचें साधन वरच्यास नव्हतें.

२. हुकमाचा रेटा

या घडीस पहिला जोराचा धक्का श्रीशिवछत्रपतींनीं दिला. तोरणा हातीं आल्यावर त्यांनीं समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला आणि रायगडास राजधानी जाईपर्यंत सुमारें पंचवीस वर्षें राज्याचा कारभार तेथून चालविला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, तेव्हां राखून ठेवलेल्या बारांत राजगड व तोरणा हे होते, यावरून या मुलखाचें महत्त्व ध्यानीं येईल.

गडाच्या कारभाराची जी पद्धति कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या वेळीं जिंजीस बसून लिहिलेल्या बखरींत नोंदली आहे, ती वतनाच्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे एकाच योग्यतेचे अंमलदार, आणि कारभार तिघांनीं मिळून करावयाचा. धान्याचा व सामानाचा हिशेब पाहण्यास कारखानीस. मोठ्या गडांवर तटाचे भाग पाडून निरनिराळे तटसरनोबत. पायदळांत नऊ माणसांवर एक नाईक, त्यावर हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती माळ. आणि या अंमलदारांस नेमणुका ठरलेल्या.

या रचनेचें मर्म समजून घेतलें पाहिजे. किल्ल्या ज्याच्या हातीं, त्याच्याकडे हजिरी नाहीं. हजिरी ज्याच्याकडे, त्याच्या हातीं कोठार नाहीं. एकट्यानें फितूर होऊन गड शत्रूच्या स्वाधीन करावयाचें म्हटलें तरी दुसरे दोघे आड येणार. हे अंमलदार निरनिराळ्या जातींतून नेमण्याचा जो कटाक्ष उत्तरकालीन बखरकार व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारखे ग्रंथकार सांगतात, त्याचाही हेतु हाच. वतनाच्या व्यवस्थेंत भरंवसा घराण्यावर होता. येथें तो परस्परांच्या पाळतीवर व लेखी हिशेबावर ठेविला गेला. आणि मुख्य भेद असा कीं गडावरील माणूस राजाचा चाकर होता. त्याची बदली होऊं शके व त्यास काढूनही टाकतां येई.

पायथ्याच्या गांवांतही हाच रेटा पोंचला. देशमुखांचे हुडे व कोट पाडावे, मिरासदारांनीं साध्या घरांतून राहावें, त्यांचे हक्क ठरवून द्यावे, आणि रयतेपासून मन मानेल तसें घेऊं नये, असा बंदोबस्त केल्याचें सभासद सांगतो. जमिनीची मोजणी पांच हात व पांच मुठींच्या काठीनें करून पिकाचे पांच वांटे धरावे, त्यांपैकीं तीन रयतेस व दोन सरकारास, असा धारा ठरला. देशमुखी मात्र नष्ट झाली नाहीं. महाराजांचे पहिले सोबती याच मावळांतील वतनदार घराण्यांतून आलेले होते. त्यांच्यावांचून राज्याचा पाया घातला गेला नसता. म्हणून हुकमाचा रेटा कितीही प्रबळ असला तरी तो ज्यांच्या खांद्यावरून चालतो, त्यांस पार मोडूं शकत नाहीं. वतनदारांचे दांत काढले गेले, त्यांचें घर राहिलें.

३. चढाओढीचा रेटा

जें हुकमानें बसविलें, तें चढाओढीनें कसें उखडलें, याचें उदाहरण पुढच्या पिढींतच मिळतें. १६८९ च्या मार्चांत संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षीं रायगड पडला, आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. खजिना नाहीं, छत्रपति दूर, आणि औरंगजेबाचें सैन्य मुलखांत पसरलेलें. बादशहानें मराठे सरदारांस व देशमुखांस मनसबी व वतनें देऊं केलीं. जो आपल्याकडे येईल त्यास त्याचें वतन सांभाळून देऊं, ही लालूच मोठी होती. कारण मावळच्या माणसास वतनाहून प्रिय दुसरें कांहीं नव्हतें.

रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण सचिव यांच्यापुढें या वेळीं दोनच मार्ग होते. शिवछत्रपतींचा नियम धरून बसावें तर माणसें शत्रूकडे जात. माणसें राखावीं तर नियम सोडावा लागे. त्यांनीं माणसें राखलीं. वतनें व इनामें देण्यांत आलीं, मुलूख सोडवील त्यास त्यांतील उत्पन्न लावून देण्याचीं आश्वासनें दिलीं गेलीं, आणि पुढें जिला सरंजामी म्हणतात त्या पद्धतीचीं बीजें येथें रुजलीं. हा बदल कोणास आवडला म्हणून झाला नाहीं. याच रामचंद्रपंतांच्या नांवावर असलेल्या, कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या काळांतील आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जी सावधगिरीची शिकवण आहे, ती पाहिली म्हणजे देणाऱ्याच्या मनांत काय होतें हें उघड होतें. वतनदार हे राज्याचे वांटेकरीच होत, त्यांस फार वाढूं देऊं नये व फार दुखवूंही नये, असा त्याचा आशय आहे. ज्यानें वतनें दिलीं, त्यासच त्यांचें भय सर्वांत अधिक कळत होतें.

म्हणून चढाओढीच्या रेट्याचें लक्षण असें सांगतां येईल: प्रतिस्पर्धी ज्या नाण्यानें माणूस विकत घेतो, त्याच नाण्यानें आपणांसही किंमत द्यावी लागते, मग तें नाणें आपणांस खोटें वाटो वा खरें. या चढाओढीनें राज्य वांचलें, हें विसरून चालणार नाहीं. औरंगजेबानें स्वतः येऊन १७०४ च्या फेब्रुवारींत राजगड व मार्चांत तोरणा घेतला, त्यांस अनुक्रमें नबीशाहगड व फुतुहुल्घैब अशीं नांवें दिलीं. पण १७०७ मध्यें तो वारला आणि राजगड त्याच वर्षीं परत मराठ्यांकडे आला. गड घेतां येत होता. खोरें घेतां येत नव्हतें. खोरें राखलें तें वतनाच्या ओढीनें. त्याची किंमत मात्र पुढील शंभर वर्षें राज्यास चुकवावी लागली.

४. साधनांचा रेटा

अठराव्या शतकांत मराठ्यांचें राज्य दिल्ली व अटकेपर्यंत पसरलें. लढाया आतां सह्याद्रीच्या घाटांत होईनाशा झाल्या; त्या उत्तरेच्या व कर्नाटकाच्या मैदानांत होऊं लागल्या. मैदानी लढाईस तोफखाना व कवायती पायदळ लागतें. पानिपतावर १७६१ मध्यें इब्राहिमखान गारद्याचीं पलटणें होतीं. १७८४ पासून महादजी शिंद्यांनीं डी बॉयन या सरदाराकडून कंपू उभे करविले, आणि मग होळकरादि इतरांसही तशींच पथकें ठेवणें भाग पडलें. शेजाऱ्यानें केलें म्हणून आपणही करावें, हा अनुकरणाचा भाग यांत मोठा होता. कंपू उभारले, परंतु त्यांस वेळेवर पगार देणारी वसुलाची व्यवस्था जुनीच राहिली. दुसऱ्याचें हत्यार उचलतां येतें, त्यामागचें घर उचलतां येत नाहीं.

याचा परिणाम गडांवर असा झाला कीं त्यांचें मूळचें काम संपत आलें, पण गड राहिले. तेव्हां त्यांस दुसरीं कामें मिळालीं. ते कैदखाने झाले, खजिन्याचीं व कागदपत्रांचीं ठिकाणें झाले, संकटकाळीं आश्रयाचीं स्थानें झाले. नारायणरावाच्या खुनानंतर गंगाबाईंस पुरंदरावर नेण्यांत आलें व १७७४ च्या एप्रिलांत सवाई माधवरावाचा जन्म तेथें झाला, हें सर्वश्रुत आहे. १८१७ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं दुसऱ्या बाजीरावाकडून सिंहगड, पुरंदर व रायगड हे तीन गड तारण म्हणून मागून घेतले. राज्याचें संरक्षण करावयाचें तें साधन जामिनकीची वस्तु झालें, यावरून त्याची उतरलेली किंमत कळून येते.

गडावरचें मनुष्यबळही बदललें होतें. १८१८ च्या मार्चांत सिंहगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला तेव्हां तेथें सुमारें ११०० लोक होते, आणि त्यांत ७०० गोसावी व ४०० अरब. ज्या गडासाठीं मावळच्या माणसांनीं दोर लावून रात्रीं कडा चढला, त्याच्या रक्षणास शेवटच्या दिवशीं भाडोत्री शिबंदी होती. गोसावी किंवा अरब शूर नव्हते असें नाहीं. मुद्दा इतकाच कीं गड व त्याच्या पायथ्याचें खोरें यांचा संबंध तोंवर तुटला होता. हा तुटलेला संबंध तोफेच्या गोळ्याइतकाच गडाच्या पाडावास कारण आहे.

५. पैशाचा रेटा

चौथा रेटा पैशाचा. तो इतरांहून शांतपणें काम करतो, म्हणून इतिहासांत त्याची नोंद कमी होते. दूरच्या मोहिमा व पलटणी यांचा खर्च वसुलाच्या आधीं करावा लागे. म्हणून सावकाराकडून कर्ज काढावें लागे. आणि कर्जाच्या फेडीसाठीं पुढील वर्षाचा वसूल गहाण पडे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल मक्त्यानें देण्याची चाल वाढली. जो अधिक रक्कम कबूल करील त्यास मामलत मिळूं लागली. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयीं १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत या मक्त्याच्या पद्धतीनें रयतेची झालेली दैना वर्णिली आहे. तो विजेत्याचा लेख आहे, हें ध्यानांत ठेवूनच तो वाचला पाहिजे. तथापि मक्त्याची चाल त्यानें कल्पनेनें निर्माण केली नाहीं.

येथें एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी आहे. मामलेदार हें नांव तेंच राहिलें, कचेरी तीच राहिली, कागदाचा मायनाही तोच राहिला. परंतु पूर्वींचा मामलेदार मुलूख आबाद ठेवण्यास जबाबदार होता. मक्तेदारास एकदोन वर्षांत आपली रक्कम व नफा काढून घ्यावयाचा होता. नांव न बदलतां संस्था आंतून बदलते ती अशी. संशोधकास हा बदल शोधण्यास सर्वांत कठीण, कारण कागदावरचे शब्द त्यास फसवितात.

६. काम गेलें, माणसें राहिलीं

१८१८ नंतर कंपनीच्या मुलखांतील अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंगांनीं उडविण्यांत आल्या, शिबंद्या मोडल्या. राज्यकर्त्याच्या दृष्टीनें हा काटकसरीचा व बंदोबस्ताचा प्रश्न होता. परंतु ज्यांच्या बापजाद्यांनीं गडाचा पहारा केला, घेऱ्यांतील जमिनी खाल्ल्या, मेटांवर वस्ती केली, त्यांचें काय? गडाचें काम संपलें तरी त्यांची भूक संपली नव्हती.

याचीं उत्तरें लवकरच मिळालीं. पुरंदरच्या परिसरांतील रामोशी मंडळींचें गडाच्या व गांवाच्या रखवालीचें काम आणि त्याबद्दलचे हक्क हें उपजीविकेचें साधन होतें. तें तुटल्यावर उमाजी नाईकाच्या नेतृत्वाखालीं जें बंड झालें तें १८३२ च्या फेब्रुवारींत त्यास पुण्यास फांशी दिल्यावर शमलें. कोल्हापूर संस्थानांत कंपनीनें नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारांत गडकऱ्यांच्या सेवेच्या जमिनी मामलेदारांच्या व्यवस्थेखालीं घालण्यांत आल्या. या व्यवस्थेस १८४४ मध्यें सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनीं दरवाजे लावून उत्तर दिलें. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अंमलदारास पन्हाळ्यावर कैद करून ठेवण्यापर्यंत मजल गेली. त्या वर्षाच्या अखेरीस सामानगड, पन्हाळा व पावनगड घेतले गेले आणि गडकऱ्यांची संस्था कायमची मोडण्यांत आली.

या बंडांस केवळ लूटमार किंवा केवळ स्वातंत्र्ययुद्ध म्हणणें दोन्ही एकांगी होईल. संस्थेचें स्थित्यंतर करतांना तिच्यावर जगणाऱ्यांची सोय न लावल्यास काय घडतें, याचे ते दाखले आहेत. कारकुनाच्या वहींत जी एक खर्चाची बाब कमी होते, ती कोणाच्या तरी घरची चूल असते.

विंझरच्या मुलखाची गति थोडी निराळी झाली. शंकराजी नारायणांच्या वंशाकडे असलेला हा भाग भोर संस्थान म्हणून राहिला. संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे पांच तालुके होते. यांपैकीं चार नांवें गडांचीं आहेत. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. गडावरचे चौघडे थांबले, तट ढांसळूं लागले, परंतु खालच्या कचेरींत फेरफार, वसूल व दाखले गडाच्याच नांवानें निघत राहिले. काम गेल्यावरही नांव टिकतें, आणि नांवाभोवतीं निष्ठा टिकते. पुढील काळाच्या दृष्टीनें ही क्षुल्लक गोष्ट नाहीं.

७. न्यायाचा रेटा

गडाहून वतन अधिक टिकलें. इंग्रजी राज्यांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन नेमून सनदांची छाननी झाली, आणि पुष्कळ घराण्यांस आपले कागद प्रथमच रुमालांतून बाहेर काढावे लागले. १८७४ च्या मुंबई वतन कायद्यानें वंशपरंपरेच्या हुद्द्यांस नवें कायदेशीर रूप आलें. ज्या देशमुख-देशपांड्यांच्या कामाची गरज उरली नव्हती, त्यांस ठरीव रक्कम देऊन सेवेंतून मोकळें करण्यांत आलें. परंतु खालच्या वतनांचें काम सरकारास हवेंच होतें, म्हणून तें चालूं राहिलें.

वतन या शब्दानें सर्वांच्या मनांत एकच चित्र उभें राहत नाहीं. देशमुखास तें मानाचें पान होतें. महारास तें रात्रीं-अपरात्रीं केव्हांही येणारें बोलावणें होतें. टपाल पोंचविणें, अंमलदाराचें ओझें वाहणें, गांवची राखण करणें, आणि या सर्वांचा मोबदला म्हणजे तोकडी जमीन व बलुतें. काम एकाच्या नांवें, पण राबावें साऱ्या कुटुंबानें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १८७४ च्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल १९२८ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मांडलें, तें ही वेठ मोडण्यासाठीं. हा रेटा आधींच्या चारांहून जातीनें भिन्न आहे. तो वरून आला नाहीं, शत्रूकडून आला नाहीं, तोफेंतून किंवा सावकाराच्या पेढींतून आला नाहीं. संस्थेच्या तळाशीं असलेल्या माणसानें ती सोसण्याचें नाकारलें, त्यांतून तो उत्पन्न झाला.

त्याचें फळ येण्यास वेळ लागला. १९४८ च्या मार्चांत भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुलकर्णी वतनें, १९५८ च्या कायद्यानें गांवचीं कनिष्ठ वतनें, आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलांचें पद रद्द झालें. जी घडी शिवछत्रपतींच्या हुकमानें पार मोडली नाहीं, आलमगिराच्या स्वारीनें हलली नाहीं, ती याप्रमाणें सुमारें बारा वर्षांत कायद्यानें संपली. याचें कारण कायद्याचें बळ अधिक होतें एवढेंच नव्हे; तोंवर पांचही रेटे एका दिशेस आले होते. पगारी नोकरशाही होती, नाणें होतें, रस्ते व टपाल होतें, लोकशाहीची चढाओढ होती, आणि न्यायाची मागणी होती. एकट्या रेट्यानें संस्था वांकते. अनेक रेटे एकत्र आले म्हणजे ती मोडते.

८. उपसंहार

वरील विवेचनांतून थोर पुरुषांचें कर्तृत्व कमी ठरतें असें कोणीं समजूं नये. रेटा कोणता यावा हें त्यांच्या हातीं नसतें. आलेल्या रेट्यास उत्तर काय द्यावें हें असतें. वतनदारांची मुजोरी अनेकांनीं पाहिली. हवालदार, सबनीस व कारखानीस यांची परस्परांस आळा घालणारी योजना एकाच पुरुषानें अमलांत आणली. १६८९ च्या संकटांत नियम सोडून राज्य राखण्याचा निर्णय रामचंद्रपंत व शंकराजीपंत यांचा होता. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांपुढेंही दोन मार्ग होते, आणि त्यांनीं वाईट मार्ग निवडला.

मावळांतील घराण्यांत अद्यापि रुमाल आहेत. ते उघडतांना साल, मोहर व मायना हे तर पाहावेच. परंतु त्यासमवेत तीन प्रश्न प्रत्येक कागदास विचारावे. काम करणाऱ्यास मोबदला कशांत मिळतो, नाण्यांत, धान्यांत कीं जमिनींत? त्यास कामावरून दूर करण्याचा अधिकार कोणास आहे? आणि हुद्द्याचें नांव तेंच असतां काम तेंच आहे काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें एका कागदांत एक व तीस वर्षांनंतरच्या कागदांत दुसरीं आलीं, तर मध्यें कोठें तरी रेटा आला असें समजावें व त्याचा शोध घ्यावा. एखाद्या बलुतेदाराच्या तक्रारीचा चिठोराही या कामीं राजपत्राइतकाच मोलाचा ठरेल. देशमुखांचे कागद जपले गेले, कारण त्यांवर हक्क अवलंबून होते. रामोशी, महार व मेटकरी यांचे कागद थोडे, म्हणून ते जेथें सांपडतील तेथें अधिक काळजीनें उतरून घेतले पाहिजेत.

या संस्थांचा इतिहास संपला असेंही म्हणतां येत नाहीं. २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्यास मंजुरी दिली. संस्थानी काळीं ज्या नांवाचा तालुका होता, तें नांव पुन्हा वर आलें. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशांत समावेश केला, त्यांत राजगड आहे. गडास आतां चवथें काम मिळालें आहे: प्रथम तो राज्याचें आसन होता, मग कोठार व कैदखाना, मग नुसतें नांव, आणि आतां वारसा. त्याबरोबर नियम येतील, खातीं येतील, पाहणारांची गर्दी येईल, पैसा येईल. पायथ्याच्या गांवांस त्यांत काय वांटा मिळतो, कीं १८१८ प्रमाणें गडाची व्यवस्था एकीकडे व खोऱ्याचीं माणसें दुसरीकडे अशी फारकत होते, हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकासही अगत्याचें आहे. गड व खोरें यांचा संबंध होता तोंवर गड बळकट होता, इतकें तरी मागील तीनशें वर्षांचे कागद निःसंशय सांगतात.